वंदनेतले भूत आणि मानेवरचे भूत

वर्षावासाच्या दिवसांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनासाठी आम्ही मुंबईतील एका चाळीत जात होतो. तेथील एका घरी सून बाळंत होऊन दीड महिना झाला होता. तिला रात्र-रात्र झोप लागत नसे. बाळाला ती जवळ घेईना आणि भिंतीकडे पाहून एकटीच पुटपुटत बसे. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तरीही घरच्यांनी सुनेला दोन वेळा देवऋषीकडे नेऊन आणले होते. कोंबडे, लिंबू, उतारा आणि धुरी यांत मुलाचा निम्मा पगार गेला होता. आता तिसरी खेप अमावस्येला ठरली होती.

आम्ही म्हणालो, “आजी, भूतबीत काही नसते. सूनबाईंना दवाखान्यात न्या.”

आजी शांतपणे म्हणाल्या, “दादा, तुमी म्हणता भूत नसतं. मग परित्राणपाठात तुमीच भुतांना कसं बोलावता? रतनसुत्त म्या बी ऐकलंय. सुरवातीलाच भूत हाय की नाय?”

आम्ही क्षणभर गप्प झालो. आजींचे म्हणणे खरे होते. रतनसुत्ताची सुरुवात जमलेल्या ‘भूतां’ना उद्देशूनच आहे. असा प्रश्न आणखी किती घरांत कोणाच्या मनात असेल! म्हणून त्या दिवशी आजींना जे सांगितले, ते थोडे विस्ताराने येथे देत आहोत.

मूळ अर्थ काय?

‘भूत’ हा शब्द ‘भू’ म्हणजे ‘होणे’ या धातूपासून झाला आहे. भूत म्हणजे जे झाले ते, जे अस्तित्वात आले ते. म्हणून होऊन गेलेला काळ तो भूतकाळ. पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूते. सर्व प्राणिमात्रांवर करावयाची ती भूतदया. विनयपिटकात तर ‘भूतगाम’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ झाडेझुडपे, वनस्पती. भिक्खूने त्यांचा नाश करू नये असा नियम आहे. भुतांचे गाव असा त्याचा अर्थ कोणी करील तर फसेल!

आपण रोज हा शब्द वापरतो आणि आपल्याला भीती वाटत नाही. अपघाताला कोण कारणीभूत झाले असे आपण विचारतो. मोर्चा अभूतपूर्व झाला असे म्हणतो. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या संविधानाच्या तिसऱ्या भागाला मराठीत ‘मूलभूत हक्क’ म्हणतात. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम त्याच भागात आहे. म्हणजे आपल्या हक्कांच्या नावातही भूत आहे.

गंमत अशी की, ज्या शब्दाचा अर्थ ‘जे आहे’ असा, तोच शब्द ‘जे नाही’ त्याला चिकटला. जो होऊन गेला, म्हणजे मेला, तो भूत. आणि तो पुन्हा येऊन छळतो, अशी समजूत पुढे जोडली गेली. मग ‘मानेवर भूत बसले’, ‘डोक्यात भूत शिरले’ हे वाक्प्रचार आले. शब्द एक, पण घरात शिरताना तो कोणता अर्थ घेऊन आला हे पाहिले पाहिजे.

सुत्तातले भूत

करणीयमेत्तसुत्तात ‘भूत’ म्हणजे जन्माला आलेले जीव. जन्माला येऊ घातलेल्यांसाठी तेथे वेगळा शब्द आहे, आणि दोघांचेही कल्याण चिंतिले आहे. आम्ही आजींना म्हणालो, “या अर्थाने पाळण्यातला तुमचा नातू भूत, तुम्ही भूत आणि आम्हीही भूतच.” आजी प्रथमच हसल्या.

रतनसुत्ताच्या बाबतीत प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुन्या अट्ठकथेत तेथील भूत म्हणजे अमानुष, देव-यक्ष असाच अर्थ घेतला आहे. वैशाली नगरीत दुष्काळ पडला, रोगराई आली आणि लोक भ्याले, त्या वेळची ही कथा आहे. परंतु सुत्तात काय आहे ते पाहा. तेथे कोणाला बांधलेले नाही, झोडपलेले नाही, कोंबडे मागितलेले नाही. माणसांशी मैत्रीने वागा, एवढेच त्या भुतांना सांगितले आहे आणि पुढे बुद्ध, धम्म आणि संघ या तीन रत्नांचे गुण वर्णिले आहेत. सुत्त ऐकून भ्यालेल्या मनाला धीर यावा. भीती वाढविण्यासाठी ते नाही. आणि औषधाच्या जागी तर ते नाहीच नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात ‘धम्म काय नाही’ हे सांगताना दैवी चमत्कारांवरील विश्वास म्हणजे धम्म नव्हे, असे प्रथमच बजावले आहे.

भुतांनाही जात

गावाकडच्या भुतांची नावे आठवा. मुंज झाली पण लग्नाआधी जो मेला, त्या ब्राह्मण मुलाचा म्हणे मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. वासना राहिलेल्या ब्राह्मणाचा समंध होतो. ज्यांच्यात मुंजच लागत नाही त्यांच्यात मुंजा होणार कोठून? मेल्यावरही ज्याची जात सुटत नाही, ते भूत माणसानेच घडविले हे उघड आहे.

आपले वाडवडील तर गावाबाहेर राहत होते. मयताची खबर परगावी पोचविणे हे महाराच्या माथी मारलेले काम होते. रात्री-अपरात्री ते रानातून, ओढ्यातून, मसणवटीजवळून एकटे चालत. भुतांची भीती असूनही त्यांना जावेच लागे. खरे भय होते ते खबर वेळेवर न पोचल्यास गावाच्या रागाचे. दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील सहावी श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आहे. मेलेला भुकेला राहतो आणि परत येतो, ही कल्पनाच तेथे मोडली.

जसे आहे तसे पाहणे

धम्मात ‘यथाभूत’ हा फार मोलाचा शब्द आहे. यथाभूत पाहणे म्हणजे वस्तू जशी आहे तशी पाहणे. त्यातही भूतच आहे, पण ते डोळे उघडणारे.

रानात चकवा लागतो म्हणतात. अंधारात खुणेची टेकडी किंवा झाड दिसेनासे झाले की माणूस सरळ जातो असे समजून गोल फिरतो. झोपेत छातीवर कोणी बसले, ओरडता येईना, असे अनेकांना होते. मेंदू जागा होतो आणि अंग अजून झोपेत सैल असते, म्हणून तसे वाटते. थोड्या वेळात ते जाते. बाळंतपणानंतर काही स्त्रियांची झोप उडते, मन खचते, भास होतात, बाळ नकोसे वाटते. हा आजार आहे, त्यात त्या बाईचा दोष नाही. तो बरा होतो. मात्र उशीर झाल्यास आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

भूत उतरविण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणे, मारहाण करणे, धुरी देणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी अनेक वर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्यात ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आणि ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मनाच्या आजारासाठी ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते.

अमावस्येची खेप रद्द झाली. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः सुनेबरोबर सरकारी रुग्णालयात गेल्या आणि सहा तास रांगेत बसल्या. औषध सुरू झाले. पहिले दोन आठवडे फारसा फरक दिसला नाही. शेजारणी टोमणे मारीत होत्या, पण आजींनी गोळी चुकू दिली नाही. आश्विन पौर्णिमेला ग्रंथवाचनाची समाप्ती झाली, तेव्हा सूनबाई बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या ओळीत बसल्या होत्या. रतनसुत्त सुरू होताच आजींनी आमच्याकडे पाहिले आणि नातवाकडे बोट केले.

वाचक बंधू-भगिनींनो, हा लेख घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. त्यांनी प्रश्न विचारला तर रागावू नका, बसून उत्तर द्या. जयभीम!