डभोई–चांदोद : नर्मदाकाठच्या सपाट वाटेवरील सायकलफेरी

गोव्यातील सायकलस्वाराला चढ चुकत नाहीत. पणजीतून बाहेर पडले की पर्वरी किंवा आल्तिनो समोर उभे राहते. सलग सपाट रस्त्यासाठी फेरीबोटीतून दिवाडी किंवा चोडण बेट गाठावे लागते. वडोदरा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील प्रदेश याच्या नेमका उलट आहे. ओरसंग आणि नर्मदा या नद्यांच्या गाळाने घडलेल्या या मैदानात डोंगर नाही, घाट नाही. डभोई, वढवाणा आणि चांदोद या तीन ठिकाणांना जोडणारी साधारण ५० ते ५५ किलोमीटरची फेरी नवशिक्यालाही एका दिवसात सहज पूर्ण करता येते. या वाटेवर मराठ्यांच्या इतिहासातील एक निर्णायक रणभूमीही आहे.

वडोदऱ्याहून डभोई सुमारे ३० किलोमीटर आहे. तिथपर्यंत सायकल वाहनातून नेणे श्रेयस्कर. हाच रस्ता पुढे केवडियाकडे जातो आणि २०१८ मध्ये सरदार पटेलांचा पुतळा खुला झाल्यापासून त्यावर पर्यटकांच्या वेगवान मोटारींची वर्दळ असते.

डभोईच्या तटबंदीचा आरंभ बाराव्या शतकात सिद्धराज जयसिंहाच्या काळी झाल्याचे मानले जाते. तेराव्या शतकात वाघेला राजांनी तिची पुनर्बांधणी केली. चार दिशांना चार वेशी आहेत. पश्चिमेची वडोदरी, दक्षिणेची नांदोदी, उत्तरेची महुडी आणि पूर्वेची हिरा भागोळ. त्यांपैकी हिरा भागोळीवरील शिल्पकाम सर्वांत देखणे असून तिला लागूनच कालिकामातेचे मंदिर आहे.

मराठी वाचकाला हे गाव वेगळ्या कारणासाठी ठाऊक असावे. १ एप्रिल १७३१ रोजी डभोईच्या परिसरात पहिले बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्या फौजा समोरासमोर आल्या. वाद गुजरातच्या चौथाईचा होता आणि दोन्ही पक्ष छत्रपती शाहू महाराजांचेच सेवक होते. त्र्यंबकराव रणात पडले. या लढाईने दाभाड्यांचे बळ खचले आणि त्यांच्या पक्षातील पिलाजी गायकवाडांच्या घराण्याला पुढे गुजरातेत स्वतंत्रपणे वाढण्यास वाव मिळाला. वडोदरा संस्थानाची पार्श्वभूमी अशी भाऊबंदकीच्या रणांगणातून तयार झाली.

प्रदेश किती सपाट आहे, याचा उत्तम पुरावा रेल्वेच्या इतिहासात सापडतो. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा सुमारे ३२ किलोमीटरचा, अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग सुरू झाला. भारतातील हा पहिला अरुंदमापी मार्ग. रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिनाचा भार पेलवेना. म्हणून आरंभी डबे बैलांनी ओढले. १८७३ मध्ये भक्कम रूळ टाकल्यानंतरच इंजिने नियमित धावू लागली. बैलांना झेपलेली ही भूमी सायकलस्वारालाही झेपते.

फेरीची दिशा ठरवताना सकाळी पूर्वेकडील वढवाणा जलाशय गाठावा. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १९१० च्या सुमारास, सिंचनासाठी बांधलेल्या या तलावात ओरसंगचे पाणी येते. हिवाळ्यात येथे पट्टकदंब हंसांसह असंख्य स्थलांतरित पक्षी उतरतात. २०२१ मध्ये या जलाशयाला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. उजाडताना पक्षी जवळून दिसतात, म्हणून पहिला थांबा हाच असावा.

तेथून गावरस्त्यांनी कापूस, तूर आणि एरंडीच्या शेतांमधून दक्षिणेकडे वळावे. वाटेत केवडियाकडे जाणारा महामार्ग ओलांडावा लागतो. तेथे सायकलवरून उतरून, ती हाती धरूनच पलीकडे जावे.

दुपारपर्यंत चांदोद येते. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती यांचा हा त्रिवेणी संगम. श्राद्धकर्मांसाठी येथील घाटांवर दूरदूरचे यात्रेकरू येतात. संगमापलीकडे करनाळीचे कुबेरेश्वर मंदिर असून तेथे नावेने जाता येते. सायकल काठावर ठेवावी आणि नावेत जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे. हा नर्मदेचा उत्तर तट असल्याने परिक्रमावासी भेटतात, त्यांत मराठी बोलणारेही असतात. याच तटावर प्रवाहाच्या वरच्या अंगाला गरुडेश्वर आहे. सावंतवाडीजवळच्या माणगावात १८५४ मध्ये जन्मलेल्या वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींची समाधी तेथे १९१४ मध्ये झाली. या फेरीत मात्र ते बसत नाही. त्यासाठी वेगळा दिवस राखावा.

चांदोदहून डभोई सुमारे २० किलोमीटर. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून वाहतो, म्हणजे परतताना तो समोरून येतो. पहिल्या दोन टप्प्यांत सगळी शक्ती खर्चू नये.

ऋतूची निवड महत्त्वाची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसून सायकल जागीच अडते. शिवाय नर्मदेची पातळी केवळ स्थानिक पावसावर ठरत नाही, धरणातील विसर्गावरही ठरते. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवरातून मोठा विसर्ग झाल्यावर चांदोद आणि करनाळीत पुराचे पाणी शिरले होते. धरण भरण्याच्या दिवसांत घाटावर उतरण्यापूर्वी विसर्गाची सूचना आहे का, हे गावात विचारून घ्यावे.

मडगावहून कोकण रेल्वेच्या अनेक गाड्या वडोदऱ्यास थांबतात. पुतळा पाहायला जाणारे बहुतेक प्रवासी मात्र डभोईच्या वेशी मोटारीतून न पाहताच पुढे जातात. केवडियाच्या प्रवासाला एक दिवस जोडला, तर ही फेरी त्यात आरामात बसते.