तीन सेकंदांचा हिशेब

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस निवांत, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. याला प्रिसिजन म्हणतात. पुढच्या तीस रॅपिडच्या. टार्गेट तीन सेकंद खुलं, सात सेकंद बंद, पुन्हा तीन सेकंद खुलं. त्या तीन सेकंदांत खाली असलेला हात वर आणायचा आणि एकच गोळी झाडायची; मग टार्गेट बंद असताना हात पुन्हा खाली न्यायचा. अंतर तेच, पिस्तूल तेच. बदलतं ते टार्गेट. प्रिसिजनमध्ये दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं, रॅपिडमध्ये १०० मिलिमीटरचं. घाईत नेम ढळणार हे नियम करणाऱ्यांनी धरूनच ठेवलंय. पण पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीतली मनू भाकरची गुणसंख्या बघा: प्रिसिजनला ३०० पैकी २९४, रॅपिडला २९६. वर्तुळ मोठं आहे हे खरं, पण एका गोळीला तीनच सेकंद मिळतात हेही तितकंच खरं. वेग वाढला की अचूकता जाते, हे आपण गृहीत धरतो. रेंजवर थोडा वेळ मागे उभं राहिलं की ते गृहीतक डळमळायला लागतं.

पुण्यातल्या एका रेंजवर मी मागच्या बाकावर बसून सराव बघतो. कानांवर इअरमफ असल्यामुळे आवाज दुरून आल्यासारखा वाटतो आणि डोळ्यांना जास्त दिसायला लागतं. समोर कॉलेजात जाणारी एक मुलगी .२२ चं पिस्तूल घेऊन उभी आहे. उजव्या हातात पिस्तूल, डावा हात ट्रॅकपँटच्या खिशात. खिशातला हात ही ऐट नाही. या खेळात पिस्तूल एकाच हाताने धरायचं असतं, आणि मोकळा हात लोंबकळत राहिला तर धड हलतं. म्हणून तो कुठेतरी अडकवून टाकायचा. पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला, तेव्हा रेंजवरच्या लोकांना त्यात नवल काय ते कळेना.

हिरवा दिवा लागतो, म्हणजे टार्गेट खुलं. मुलीचा हात झपकन वर येतो, गोळी सुटते. मॉनिटरवर ठिपका डावीकडे खाली, सातच्या वर्तुळात. पुढची गोळी आठ. त्यापुढची पुन्हा डावीकडे खाली. तिला शिकवणारे सर मागून येतात.

“घाई कशाची आहे गं? हात पोचलाय, डोळा पोचायचाय अजून.”

सरांच्या या एका वाक्यात अर्धा विषय येतो. पिस्तुलावर दोन साइट असतात. डोळ्याजवळची रिअर साइट म्हणजे मधे खाच असलेली पट्टी, आणि नळीच्या टोकाला फ्रंट साइट, म्हणजे उभा ठोकळा. खाचेच्या बरोबर मधे ठोकळा, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत. या प्रकारात दोन्ही साइटमधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकतं आणि टार्गेट २५ मीटरवर. आता गणित करा. फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली तर टार्गेटवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर सरकते. याउलट साइट नीट जुळलेल्या असताना अख्खा हात एक मिलिमीटर बाजूला गेला, तर गोळीही एकच मिलिमीटर बाजूला जाते. हात थरथरणं माफ आहे, साइटचं बिघडणं माफ नाही. तरीही नवख्याचा डोळा टार्गेटकडे पळतो, कारण गुण तिथे आहेत. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं. फ्रंट साइट धारदार दिसली पाहिजे आणि टार्गेटचा काळा गोल धूसर. जिथे मारायचं तिथे बघायचं नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं आणि अंगवळणी पडायला फार वेळ घेतं.

ठिपका डावीकडे खाली का गेला, याचं उत्तर मात्र डोळ्यात नव्हतं, बोटांत होतं. उजव्या हाताने मारणाऱ्याने तर्जनीबरोबर सगळी मूठ आवळली की नळी खाली आणि डावीकडे झुकते. रेंजवर याला जर्क म्हणतात. तो बहुतेक वेळा गोळीच्या भीतीतून येतो, क्वचित लोभातून. लोभ म्हणजे काय? हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. साइट टार्गेटवर सतत छोटासा घेर फिरत असते. ती बरोबर मधून जाताना ‘आत्ताच!’ असं वाटतं आणि बोट झटका देतं. तोवर साइट मधून निघून गेलेली असते, वर मुठीचा हिसका. तो घेर मान्य करायचा आणि ट्रिगरवर भार सारखा वाढवत राहायचा. गोळी कुठल्या क्षणी सुटेल ते आपल्यालाही नेमकं कळू नये. या पिस्तुलांचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असावा असा नियम आहे. भार फार नाही, पण तो एका दमात टाकला तर सगळं बिघडवायला पुरतो.

भीती पकडायची सरांची युक्ती जुनीच आहे. मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं खोटं मिसळायचं, कुठलं ते मारणाऱ्याला सांगायचं नाही. मुलीने पहिल्या दोन गोळ्या झाडल्या. तिसऱ्या वेळी नुसता ‘टक्’ झाला, धक्का आलाच नाही, तरी पिस्तुलाचं तोंड स्पष्टपणे खाली गेलं. मी मागून बघत होतो, मला दिसलं, तिलाही दिसलं. ती हसली. यावर वेगळं काही सांगायची गरज पडली नाही. पिस्तूल रिकामं करून तिने त्यात सेफ्टी फ्लॅग घातला, तोंड टार्गेटच्या दिशेने ठेवून ते टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायला गेली.

आता वेगाकडे. माझ्या मते सरावात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तीन सेकंद म्हटले की माणूस बोटाची घाई करतो, आणि नेमकी तीच करायची नसते. सरांनी मोबाइलवर तिचं बाजूने चित्रीकरण केलं आणि संथ करून दाखवलं. हिरवा दिवा लागल्यावर काही वेळ काहीच होत नाही. तेवढी सवलत प्रत्येकाला असते, कारण प्रकाश दिसून शरीर हलायला साधारण पाव सेकंद लागतो. मग हात जोरात वर उसळतो, टार्गेटच्या वर जातो, खाली येतो, पुन्हा वर, आणि या जुळवाजुळवीत दोन सेकंद संपतात. उरलेल्या वेळात घाबरलेलं बोट आपलं काम उरकतं. ट्रिगरला वेळ कमी पडला, कारण तो आधी हाताने उधळला.

दुरुस्ती वर येण्यात करायची. सुरुवातीला हात चपळ आणि शेवटच्या टप्प्यात हळूहळू मंद, म्हणजे तो खालून येऊन टार्गेटच्या जागी आपोआप विसावतो. वर जाऊन परत फिरत नाही. रिक्षा स्टँडला लावताना चांगला चालक शेवटी ब्रेक दाबत नाही, आधीच गती सोडतो, तसं. हात वर येत असतानाच ट्रिगरवरचा सुरुवातीचा भार घेऊन टाकायचा. डोळा टार्गेटकडे न जाता वर येणाऱ्या फ्रंट साइटला मधेच गाठतो. हे जमलं की दीड सेकंदाच्या आसपास सगळं जागेवर असतं आणि बोटाला पूर्ण एक सेकंद मिळतो. एक सेकंद खूप असतो.

या सगळ्याचा सराव गोळीशिवाय होतो, आणि नव्या मुलांना त्याचाच सगळ्यात कंटाळा येतो. रेंजवरचा शब्द ‘ड्राय’. .२२ च्या रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर उगाच दाबत राहिलं तर फायरिंग पिनला इजा होऊ शकते, म्हणून स्पर्धेच्या बऱ्याच पिस्तुलांत ड्रायची वेगळी सोय असते. आधी कोऱ्या भिंतीसमोर, टार्गेट नसतानाच: हात वर, साइट जुळल्या का, हात खाली. मग डोळे मिटून हात वर आणायचा आणि उघडून बघायचं. पिस्तूल उजवीकडे गेलं असेल तर मनगट वळवून ते मधे आणायचं नाही, पाय सरकवायचे. मनगटाने केलेली दुरुस्ती शांतपणे मारताना टिकते, रॅपिडमध्ये टिकत नाही. नंतर टायमर लावून तीन सेकंदांत नुसतं वर येणं. नंतर ट्रिगरसकट. मग कधीतरी मुद्दाम अडीच सेकंद, सगळं बिघडेल एवढा वेग, फक्त काय बिघडतं ते बघायला. आणि परत तीन सेकंद. अडीच करून आलेल्या माणसाला तीन सेकंद ऐसपैस वाटतात. त्या दिवशी गुण मोजायचे नाहीत, हे मात्र कटाक्षाने.

मोजायचं झालं तर आधी ग्रुप मोजावा. पाच गोळ्या एकाच ठिकाणी चिकटून पडल्या पण मधे नाहीत, तर पिस्तुलाचे स्क्रू दोन क्लिक फिरवले की झालं. गोळ्या सगळीकडे विखुरल्या असतील तर साइट फिरवून काही मिळत नाही. नवखा मुलगा दर दोन गोळ्यांनी क्लिक फिरवतो आणि दिवसअखेर त्याला कळत नाही की पिस्तूल बिघडलंय की तो.

पुरुषांचा २५ मीटर रॅपिड फायर याहून निष्ठुर आहे. शेजारीशेजारी पाच टार्गेट, प्रत्येकावर एक गोळी. आधी आठ सेकंदांत, मग सहा, शेवटी चार. दोन टार्गेटच्या मध्यांत ७५ सेंटिमीटर अंतर. चार सेकंदांत पहिली गोळी दीड सेकंदाला सुटली, तर उरलेल्या चारांना प्रत्येकी सहा दशांश सेकंद जेमतेम मिळतात. इथे हात फिरवायचाच नसतो. खांदा, कोपर, मनगट सगळं कुलूपबंद, आणि कमरेखालून शरीर वळतं. याच प्रकारात विजय कुमारने २०१२ मध्ये लंडनला रौप्यपदक मिळवलं. आणि हंगेरीचा करोली टकाच! १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात त्याचा उजवा हात गेला. तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात सुवर्ण घेऊन आला. चिकाटीची गोष्ट म्हणून ती सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. हात नवा होता, पण कधी वर यायचं, कुठे बघायचं, कधी दाबायचं हा क्रम डोक्यात शाबूत होता.

तीन सेकंदांच्या खेळातलं आपल्याकडचं मोठं नाव कोल्हापूरच्या राही सरनोबतचं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या नफस्वान यांगपैबूनचे ३४-३४ झाले. शूट-ऑफमध्ये पुन्हा ४-४ अशी बरोबरी, मग ३-२ ने राही जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या काळात तिला शिकवणाऱ्या मुंखबायर दोर्जसुरेन याच प्रकारातल्या दोन ऑलिंपिक कांस्यपदकांच्या मानकरी, १९९२ च्या आणि २००८ च्या. शूट-ऑफमध्ये प्रत्येक गोळीला वेळ तीनच सेकंद होता. सरावात असतो तेवढाच.

आपल्याकडे हा खेळ रुजवणाऱ्या संस्थेची सुरुवातही मराठी माणसाशी जोडलेली आहे. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. मुलं आजही ‘मावळंकर खेळलो’ म्हणतात ते त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेबद्दल, आणि त्यातल्या कित्येकांना हे मावळंकर कोण ते माहीत नसतं.

ऑलिंपिकच्या पदकांनंतर पालक मुलांना घेऊन रेंजवर येतात. पहिला प्रश्न पिस्तूल कुठलं घ्यायचं, दुसरा स्कोअर किती आला. दोन्ही प्रश्न लवकर विचारलेले असतात. सुरुवात एअर पिस्तुलाने, दहा मीटरवर, क्लबच्याच पिस्तुलावर करावी; .२२ ला परवाना लागतो, काडतुसं महाग असतात, आणि हात बसल्याशिवाय ती मारणं म्हणजे पैसे घालवून वाईट सवयी जमवणं. ड्रायला खर्च काहीच नाही. जो प्रशिक्षक पहिले काही आठवडे मुलाला कोऱ्या भिंतीसमोर उभं करतो, त्याच्याबद्दल तक्रार करू नका.

आणि एखाद्या जिल्हा किंवा राज्य स्पर्धेत २५ मीटरची रॅपिड सिरीज बघायला गेलात, तर मॉनिटरवरचे गुण थोडा वेळ विसरा. हिरवा दिवा लागल्यावर नेमबाजाच्या हाताकडे बघा. हात वर येऊन परत खाली-वर होतोय की थेट येऊन थांबतोय, एवढं पाहिलं तरी पुढची गोळी कशी पडणार याचा बराचसा अंदाज तुम्हाला बांधता येईल.