तार पोहोचली, पगाराचं काय?

पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीच्या शेजारी बालचित्रवाणी होती. आज चाळिशी ओलांडलेल्यांना दूरदर्शनवरचे तिचे शैक्षणिक कार्यक्रम आठवतात. ती संस्था गेली कशी, हे मात्र फारसं कोणाला ठाऊक नसतं. १९८४ साली केंद्राच्या योजनेतून, इन्सॅट उपग्रहाच्या भरवशावर ती उभी राहिली. पुढे केंद्राचं अनुदान थांबलं, राज्याने तो बोजा कायमचा उचलला नाही, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये टाळं लागलं. कॅमेरे होते, स्टुडिओ होता, माणसंही होती. महिन्याच्या एक तारखेचीच सोय नव्हती.

गावांतल्या दूरशिक्षणावर आणि टेलिमेडिसिनवर सरकार जो पैसा खर्च करतं, त्याबद्दल कट्ट्यावर बरंच काही ऐकू येतं. त्यातल्या निम्म्या गोष्टी बालचित्रवाणीची हकिकत माहीत असती, तर कोणी बोललंच नसतं.

“आमच्या प्राप्तिकरातून गावांना फुकट इंटरनेट.” प्राप्तिकरातून नाही, रिचार्जमधून. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाचे ५ टक्के एका निधीसाठी सरकारकडे भरतात. २००२ पासूनचा हा सार्वत्रिक सेवा निधी. आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. २९९ रुपयांच्या रिचार्जमधून जीएसटी वजा केला, तर ढोबळ हिशेबाने बारा-तेरा रुपये इकडे जातात. आणि ते फक्त पुणेकराचे नसतात. मुळशीच्या डोंगरात, रेंजसाठी टेकाडावर चढणारा गडीही तेवढेच भरतो. हा पैसा थेट गावात पोहोचत नाही. आधी तो देशाच्या संचित निधीत जमा होतो आणि संसदेने मंजूर केला की खर्चाला मिळतो. त्यामुळे ‘निधीत एवढे कोटी पडून आहेत’ या बातमीचा अर्थ कपाटात गड्ड्या रचल्यात, असा घ्यायचा नसतो.

“भारतनेट आलं म्हणजे गाव जोडलं गेलं.” इथे खरी मेख आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेची ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीपर्यंत जाते. देशात दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती कागदोपत्री ‘सेवेसाठी सज्ज’ आहेत. पण शाळा ओढ्यापलीकडच्या वाडीत आणि आरोग्य उपकेंद्र फाट्यावर असेल, तर शेवटचे दीड-दोन किलोमीटर कोणाच्या हिशेबात धरायचे? जेसीबीने केबल तोडली, तर जोडायला कोण येणार? वर्षानुवर्षं या प्रश्नांना कोणी वाली नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले, त्यात दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे. माझ्या मते त्या निर्णयात सगळ्यात मोलाची गोष्ट कोटींचा आकडा नसून हीच आहे.

“टेलिमेडिसिन म्हणजे मोबाइलवर डॉक्टर, गावच्या म्हाताऱ्यांना ते कुठून जमणार?” म्हाताऱ्यांना मोबाइल लागतोच असं नाही. ई-संजीवनी ही केंद्राची मोफत सेवा दोन प्रकारे चालते. एक, घरबसल्या फोनवरून. दुसरी, उपकेंद्रातून. समजा, राजगड तालुक्यातली, म्हणजे पूर्वीच्या वेल्ह्यातली एक आजी उपकेंद्रात आली. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. आपल्याकडे बहुतेकदा बीएएमएस झालेल्या. त्या दंडाला पट्टा गुंडाळतात, बोटाला टोचून साखर बघतात. “आजी, गोळी रोज घेता ना?” “बरं वाटलं की थांबवते बाई.” हे वाक्य पडद्यापलीकडच्या डॉक्टरांना ऐकू गेलं, तरच उपचार होतो. मोठ्या रुग्णालयातले किंवा वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर व्हिडिओवर बघतात, चिठ्ठी संगणकावर उतरते आणि साठ्यात असेल ती गोळी तिथेच मिळते. आजीची एसटी आणि दिवसाची मजुरी वाचते.

या साखळीत टॅब्लेट सगळ्यात स्वस्त. महाग आहे ते त्या अधिकारी बाईंचं वर्षाचं मानधन. त्यांची नेमणूक राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, कंत्राटी. खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. म्हणजे केबलचा पैसा एका खिशातून, माणसाचा दुसऱ्या खिशातून. शाळेचं तसंच: डिजिटल वर्गाचा खर्च समग्र शिक्षा अभियानातून येतो, वाटणी तीच ६०:४०, आणि वीजबिल बहुतेक वेळा मुख्याध्यापकांच्या डोक्याला ताप. हे सगळे खिसे एकाच वेळी भरलेले असतील, तर सेवा चालते. एक रिकामा असेल, तर पडद्यावर धूळ बसते आणि आपण म्हणतो, “गावातल्या लोकांना वापरता येत नाही.”

“फोनवर लिहिलेलं औषध बेकायदेशीर.” या समजाला कारण आहे. रत्नागिरीतल्या एका प्रकरणात २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. फोनवरून उपचार सांगितल्याचा मुद्दा त्यात होता. त्यानंतर बरेच डॉक्टर धास्तावले. मात्र २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आली आणि नोंदणीकृत डॉक्टरांना दूरसल्ल्याची स्पष्ट मुभा मिळाली. मोकाट मुभा नव्हे. औषधांच्या याद्या ठरलेल्या आहेत: काही औषधं फक्त आवाज ऐकूनही देता येतात, काहींसाठी पहिल्या भेटीत व्हिडिओ लागतो, काही केवळ आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला, आणि अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं अजिबात नाहीत. डॉक्टरांना वाटलं, तर ते “प्रत्यक्ष या” म्हणू शकतात.

आणि हे सगळं कोविडने आणलं, असंही नाही. ई-संजीवनी नोव्हेंबर २०१९ ची आहे. टाळेबंदीने तिला गर्दी मिळवून दिली, एवढंच.

राहिली मुक्त विद्यापीठाची पदवी. ‘बाहेरून बी.ए.’ म्हणून नाक मुरडणारे पेठांत आजही भेटतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. पहिले कुलगुरू राम ताकवले, जे त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. मान्यताप्राप्त मुक्त आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. वैद्यकीय, अभियांत्रिकी, नर्सिंग असे अभ्यासक्रम मात्र दूरस्थ पद्धतीने पदवीसाठी चालत नाहीत. तशी जाहिरात दिसली, तर पैसे भरू नका.

जत्रेला किंवा दिवाळीला गावी जाल, तेव्हा ग्रामपंचायतीत दोनच प्रश्न विचारा: केबल शाळेपर्यंत आणि उपकेंद्रापर्यंत गेली का? आणि गेली असेल, तर दर महिन्याचं बिल कोण भरतं?