पकडली जातात पोरं. टोळीचा म्होरक्या नेमकं करतो काय?

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच परिसरात पोलिसांनी तिघांना एमडी ड्रग्जच्या पुड्यांसह पकडलं. पुढे तपास तुळजापुरातून थेट मुंबईपर्यंत गेला आणि आरोपींचा आकडा तीसच्या वर पोहोचला. त्यात पुजारी आले, स्थानिक राजकारणातली माणसंही आली. प्रकरण न्यायालयात आहे, कोण दोषी ते न्यायालय ठरवेल. पण तिघांपासून सुरू झालेली यादी तीसच्या पुढे जाते, याचा अर्थ ज्याच्या खिशात पुडी सापडते तो या धंद्यातला शेवटचा माणूस असतो.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला तरुण मुलं हमखास विचारतात, "भाऊनं कधी कुणाला हात तरी लावलाय का? मग तो गुन्हेगार कसा?" प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर मात्र आपल्या कार्यकर्त्यांकडेही बहुतेक वेळा नसतं.

साधा धंदा करणाऱ्याला कुणी फसवलं तर तो पोलिसांत जातो, कोर्टात जातो. बेकायदा धंद्यात ती सोय नाही. माल घेऊन पैसे बुडवले तर तक्रार कुठे करणार? इथे म्होरक्याची गरज लागते. तोच हमी देतो, तोच भांडण मिटवतो, तोच दंड करतो. इटलीतल्या सिसिली बेटावरच्या माफियाचा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ दिएगो गाम्बेट्टा यांनी १९९३ मध्ये हेच मांडलं: माफियाचा खरा माल म्हणजे 'संरक्षण'. ते तो विकतो, आणि गिऱ्हाईक नको म्हणालं तर संरक्षणाची गरज स्वतःच निर्माण करतो. यासाठी त्याला हात उचलावा लागत नाही, त्याचं नाव पुरेसं असतं. ते नाव चालावं म्हणून खाली कुणीतरी मारत राहावं लागतं, आणि पकडलं जावं लागतं.

शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगला काय घडलं ते आठवून पाहा. तपास यंत्रणेच्या आरोपपत्रानुसार, आवादा या पवनऊर्जा कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेली. ६ डिसेंबर २०२४ ला, म्हणजे आपण सगळे बाबासाहेबांना अभिवादन करत होतो त्या दिवशी, काही जण प्रकल्पावर गेले आणि तिथल्या सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. तो रक्षक दलित समाजाचा. त्याच्या बाजूने धावून गेले सरपंच संतोष देशमुख. ९ डिसेंबरला त्यांचं अपहरण करून खून झाला. आरोपपत्रात पहिल्या क्रमांकावर वाल्मिक कराड यांचं नाव आहे. आरोप त्यांनी स्वतः मारल्याचा नाही, सूत्रं हलवल्याचा आहे. आरोप त्यांना मान्य नाहीत आणि निकाल न्यायालय देईल. ज्या मंत्र्यांचे ते निकटवर्तीय म्हणून ओळखले जात, त्या धनंजय मुंडे यांना ४ मार्च २०२५ ला राजीनामा द्यावा लागला. पवनचक्क्या आपल्या धाराशिव जिल्ह्यातही उभ्या राहिल्या आहेत, म्हणून हे प्रकरण दुरून बघण्यासारखं नाही.

घटनास्थळी नसलेल्या माणसाला कायदा कसा धरतो? यासाठीच १९९९ मध्ये महाराष्ट्राने मकोका आणला. हा कायदा एका गुन्ह्यापुरतं पाहत नाही, टोळीचं सातत्य पाहतो. मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं दाखल झालेली असावीत, न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी, आणि कृत्य टोळीचा सदस्य म्हणून किंवा टोळीच्या वतीने केलेलं असावं. कट रचणारा, मदत करणारा, आसरा देणारा, टोळीच्या पैशातून मालमत्ता घेणारा, सगळे यात येतात. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हेही मकोकात आणले. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १११ देशभर संघटित गुन्हेगारीला लागू आहे.

आता आपल्या पोरांनी नीट ऐकावं असा भाग. मकोकात टोळीचा नुसता सदस्य असणं हाही गुन्हा आहे, किमान पाच वर्षं शिक्षेचा. अटकपूर्व जामीन नाही. नंतरचा जामीनही महाकठीण. आरोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. इथे पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब ठरू शकतो. म्हणजे म्होरक्यासाठी विणलेलं जाळं खालच्या पोरावर तितक्याच जोरात पडतं. म्होरक्याकडे मोठे वकील असतात. पोराची आई मजुरीला जाते. कायदा कडक झाला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टोळीप्रमुखाला एक काम स्वतः करावंच लागतं: समाजात नाव कमावणं. हाजी मस्तान तस्करीतून मोठा झाला आणि १९८० च्या दशकात त्याने 'दलित-मुस्लिम सुरक्षा महासंघ' काढला. दलितांचं नाव पाटीवर आलं, त्यातून वस्त्यांना काय मिळालं हा प्रश्न आजही विचारावा. दगडी चाळीतला अरुण गवळी २००४ मध्ये आमदार झाला आणि २०१२ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसांडेकर खून खटल्यात मकोका न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. गावपातळीवर हेच लहान आकारात चालतं. जयंतीला डीजेचा खर्च 'भाऊ' देतो, बॅनरवर बाबासाहेबांच्या शेजारी त्याचा फोटो लागतो, कुणाच्या दवाखान्याचं बिल भरलं जातं. वर्षभराने त्याच मंडळातला एखादा मुलगा 'फक्त एक पार्सल पोहोचव' या कामाला लागतो. उपकार असतो म्हणून तो नाही म्हणू शकत नाही. वर्गणी वीस-वीस रुपयांनी गोळा करा, डीजे नसला तरी चालेल.

मुलगा पकडला गेल्यावर चूक होते ती वकिलाची. भाऊच वकील देतो आणि घरच्यांना तो देवमाणूस वाटतो. पण ज्याचे पैसे, त्याचं हित तो वकील आधी पाहण्याची शक्यता जास्त. मुलाने वरचं नाव घेऊ नये, सगळं स्वतःवर घ्यावं, ही व्यवस्था तिथेच होते. याला पर्याय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. अर्ज धाराशिवच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे करायचा. अटकेच्या पहिल्याच दिवशी घरच्यांना घेऊन तिथे जाणारा एक कार्यकर्ता प्रत्येक विहारात ठरलेला असावा, आणि त्याचा फोन नंबर विहाराच्या फळ्यावर लिहिलेला असावा.