यमकाचे कार्य : ओवीपासून केकावलीपर्यंत

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच सांगितले आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यांतही यमकाचे दहा प्रकार तपशीलवार दिलेले असल्यामुळे, ध्वनीच्या आवृत्तीला त्या काळी केवढा मान होता हे सहज ध्यानात येते. पुढे नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनांनी ध्वन्यालोकात या मानाला मर्यादा घातली. रसात तन्मय झालेल्या कवीच्या हातून वेगळ्या प्रयत्नावाचून जो सिद्ध होतो तोच खरा अलंकार, आणि यमकासाठी तर कवीला शब्द हुडकीत बसावे लागते, म्हणून शृंगारात, विशेषतः विप्रलंभात, त्यांनी ते टाळावयास सांगितले. हा निर्णय मराठी कवितेला जसाच्या तसा लागू करण्यास माझी हरकत आहे. संस्कृत श्लोकाचे यमकावाचून अडत नाही. मराठी पद्य मात्र आरंभापासून चरणान्तीच्या जुळणीवर उभे आहे.

शके 1212 मधील ज्ञानेश्वरीची ओवी पाहावी. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड चरण मोकळा राहतो. तीनदा तोच नाद ऐकून स्थिरावू पाहणारा कान त्या मोकळ्या चरणापाशी पुढच्या ओवीकडे वळतो, आणि नऊ हजारांच्या घरातील ओव्यांचे निरूपण कोठेही साचत नाही. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या अभंगातही चरणान्तीची जुळणी आहेच, मात्र तेथे दुसरा व तिसरा चरण तेवढे जुळतात.

यमकाच्या हव्यासाचा दोष ज्यांच्यावर सर्वांत अधिक लादला गेला, ते मोरोपंत (1729–1794) बारामतीकर नाईकांच्या पदरी पुराणिक होते, ही गोष्ट टीकाकारांनी जमेस धरावयास हवी. समोर बसलेल्या श्रोत्यांचे अवधान राखणे हाच ज्याचा व्यवसाय, आणि ज्याच्या आर्या पुढे रामजोशांसारख्या कीर्तनकाराने गावोगावी पोहोचविल्या, त्याचे यमक कानासाठीच घडलेले असणार. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून रचलेल्या निरोष्ठ रामायणात केवळ कौशल्याचे प्रदर्शन आहे हे मी मान्य करतो. परंतु त्यावरून त्यांच्या केकावलीची परीक्षा करणे अन्यायाचे होईल.

केकावली पृथ्वी वृत्तात आहे : चरणात सतरा अक्षरे, आठव्यावर यती. सत्संगतीची याचना करणाऱ्या तिच्यातील सुप्रसिद्ध श्लोकात पंतांनी यतीवर आणि चरणान्ती, असे आठही ठिकाणी एकच यमक साधले आहे, आणि त्या आठही जागी आज्ञार्थी क्रियापदे आहेत. मराठीत क्रियापदांचे प्रत्यय जुळविणे ही सर्वांत स्वस्त जुळणी होय. येथे मात्र प्रत्ययापूर्वीचा ‘ड’ही जुळतो, आणि तो धातूंच्या अंगचाच आहे. श्वास जेथे थांबतो तेथेच मागणे उच्चारले जाते, त्यामुळे वृत्ताची यती आणि भक्ताची आर्तता एकाच अक्षरावर येतात. याहून मोठी गोष्ट अन्वयात आहे. श्लोकाच्या उत्तरार्धात भगवंताच्या चरणी दडावयाचे कोणी, मागे वळविताच हट्टाने अडावयाचे कोणी, वियोग होताच रडावयाचे कोणी, हे कवी सांगत नाही. क्रियापदामागून क्रियापद येत राहते, यमक श्रोत्याला धरून ठेवते, आणि ‘मन’ हा कर्ता अखेरच्या चरणाच्या उत्तरखंडात, यती ओलांडल्यावर, पहिल्यानेच प्रकट होतो.