लेकीची अकरावी आणि एजंटची गोष्ट

मागच्या बैठकीत एका ताईने लेकीसाठी गटाकडे कर्ज मागितलं. एजंटने सांगितलं होतं, "आधी बायोइंजिनीअरिंग करा, मग त्यावर डॉक्टर होता येतं."

बायांनो, ही पद्धत अमेरिकेतली. तिकडे चार वर्षांची पदवी घेऊन मग वैद्यकीय कॉलेजात जातात. आपल्याकडे बारावी सायन्सनंतर नीटच्या गुणांवर एमबीबीएसला प्रवेश मिळतो. इंजिनीअरिंगची पदवी त्यात एक गुणही वाढवत नाही.

मग दोन्ही वाटा उघड्या कशा ठेवायच्या? अकरावीलाच भौतिक, रसायनसोबत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यायचे. नीटला जीवशास्त्र लागतं, इंजिनीअरिंगच्या सीईटीला गणित. अभ्यास वाढतो, म्हणून आधी लेकीला विचारा.

प्रवेश सरकारी कॅप फेरीतूनच घ्या. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही माफी नाही.

त्या ताईने कर्जाचा अर्ज मागे घेतला. लेक आता चारही विषय घेऊन अकरावीत बसली आहे. तुम्हीही एजंटच्या हातात पैसे ठेवण्याआधी गटात एकदा विषय काढा.