विमान जमिनीवर असतां

आकाशांतून जाणारें विमान पाहून ज्याचें मन हरखलें नाहीं असा मुलगा विरळाच. परंतु तेंच विमान भूमीवर टेकलें, कीं आपलें कुतूहल संपतें, आणि आतां भयाचें कांहीं कारण उरलें नाहीं असें आपण समजतों. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मागें आम्हांस असा प्रश्न केला, "गुरुजी, आगगाडीला रूळ आहेत, सिग्नल आहेत, विमानतळावर तर इतकीं विमानें इकडून तिकडे फिरत असतात, मग तीं एकमेकांवर आदळत कशीं नाहींत?" प्रश्न मोठा मार्मिक होता. त्याचें उत्तर शोधतां शोधतां आमच्याही ज्ञानांत पुष्कळ भर पडली. तेंच येथें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

विमानानें आपल्या चाकांवर हळूहळू चालत जाणें ह्यास 'टॅक्सी करणें' असें म्हणतात. मोटारीचें एंजिन चाकांस फिरवितें. विमानाच्या चाकांस मात्र एंजिन फिरवीत नाहीं. तें हवेचा प्रचंड झोत मागें लोटतें, व त्या जोरावर विमान पुढें सरकतें. म्हणून चालत्या एंजिनाच्या मागें किंवा पुढें उभें राहणें जिवावरचें काम आहे; मागील झोतानें माणूस फेंकला जातो, तर पुढच्या बाजूस तो आंत ओढला जाण्याचें भय असतें. ह्याचसाठीं एंजिन सुरू होण्यापूर्वीं विमानावरील लाल दिवा लुकलुकूं लागतो. आपल्या जागेवरून मागें सरावयाचें असेल, तर सामान्यतः एक बुटकें व वजनदार वाहन विमानास ढकलून देतें. आणखी एक अडचण अशी कीं, पुष्कळ मोठ्या विमानांच्या वैमानिकांस स्वतःच्या पंखांचीं टोकेंही बसल्या जागेवरून दिसत नाहींत. 'एअरबस ए-३८०' ह्या विमानाच्या पंखांचा विस्तार जवळजवळ ८० मीटर आहे. एवढा पसारा घेऊन चालणाऱ्यानें केवळ अदमासावर विसंबून कसें चालेल?

म्हणून विमानतळावर रस्ते आंखलेले असतात. ज्या रस्त्यावरून विमान उड्डाण करतें व ज्यावर तें उतरतें ती धावपट्टी. आणि धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचे जे रस्ते ते 'टॅक्सी-वे'. धावपट्टीवरील खुणा पांढऱ्या, तर टॅक्सी-वेवरील खुणा पिवळ्या असतात. रात्रीं टॅक्सी-वेच्या कडेस निळे व मध्यावर हिरवे दिवे लागतात. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे असतात. धावपट्टी जेथें जवळ येते, तेथें चार पिवळ्या रेघा आडव्या काढलेल्या असतात. त्यांपैकीं दोन अखंड व दोन तुटक. अखंड रेघांच्या बाजूनें येणाऱ्यानें परवानगीवांचून त्या ओलांडावयाच्या नाहींत. शेजारीं लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा अंक लिहिलेला असतो, आणि कित्येक ठिकाणीं जमिनींत लाल दिव्यांची ओळ बसविलेली असते.

हा अंकही उगाच दिलेला नसतो. होकायंत्राच्या अंशांतील शेवटचें शून्य गाळलें कीं तो मिळतो. मुंबईच्या जुन्या विमानतळावर ०९-२७ व १४-३२ अशा दोन धावपट्ट्या आहेत. पैकीं पहिली पूर्व-पश्चिम असून ह्या दोन्ही एकमेकींस छेदून जातात. ह्यावरून तेथील नियंत्रकांस किती दक्ष राहावें लागत असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

रस्ते व दिवे असले तरी आज्ञा देणारा कोणीतरी लागतोच. मोठ्या विमानतळांवर टॅक्सी-वेवरील विमानांस रेडिओवरून मार्ग सांगणारा नियंत्रक वेगळा व धावपट्टीचा नियंत्रक वेगळा असतो. धावपट्टीवर पाऊल टाकण्यास, ती ओलांडण्यास व तिच्यावरून उड्डाण करण्यास स्पष्ट परवानगी मिळावी लागते. वैमानिकानें ती आज्ञा ऐकून पुनः शब्दशः म्हणून दाखवावी, आणि नियंत्रकानें ती बरोबर आहे कीं नाहीं हें तपासावें, असा नियम आहे. हा नियम पुष्कळांस पोरकट वाटेल. परंतु त्याची किंमत जगाला कशी कळली तें पहा.

ता. २७ मार्च १९७७ रोजीं कॅनरी बेटांपैकीं ग्रॅन कॅनेरियाच्या विमानतळावर बॉम्बचा स्फोट झाला. त्यामुळें तिकडे जाणारीं अनेक विमानें शेजारच्या टेनेरीफ बेटावरील लहान विमानतळाकडे वळविण्यांत आलीं. तेथें धावपट्टी एकच. विमानांची एवढी दाटी झाली कीं टॅक्सी-वेचा कांहीं भाग त्यांनींच अडून गेला. निघण्याची वेळ आली तेव्हां हॉलंडच्या के. एल. एम. कंपनीचें एक व अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीचें एक, अशीं दोन प्रचंड बोइंग ७४७ विमानें धावपट्टीवरूनच चालत जाऊं लागलीं. पहिलें विमान टोंकाशीं जाऊन वळून उभें राहिलें. दुसरें अद्याप धावपट्टीवरच होतें. इतक्यांत दाट धुकें उतरलें. विमानें एकमेकांस दिसेनात, मनोऱ्यांतील नियंत्रकास तीं दोन्ही दिसेनात, आणि जमिनीवरील विमानें दाखविणारें रडार तेथें नव्हतें.

डच विमानास उड्डाणानंतरचा आकाशमार्ग सांगण्यांत आला. उड्डाणाची परवानगी मात्र दिलेली नव्हती. वैमानिकांनीं उत्तर दिलें, त्यांत आपण आतां उड्डाणाच्या बेतांत आहों अशा अर्थाचे संदिग्ध शब्द होते. नियंत्रकानें प्रथम होकार देऊन मग 'थांबा, मी कळवितों' असें सांगितलें. त्याच क्षणीं अमेरिकन वैमानिकही 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहों' असें कळवीत होते. दोन आवाज एकावर एक आल्यानें डच विमानांत महत्त्वाचे शब्द कर्कश नादांत बुडाले. तेथील एंजिनियरास शंका आली व त्यानें ती बोलूनही दाखविली. परंतु अनुभवी कप्तानानें ती ठामपणें बाजूस सारली. कांहीं क्षणांतच टक्कर झाली. डच विमानांतील सर्वच्या सर्व २४८ व अमेरिकन विमानांतील ३३५ मिळून ५८३ माणसें प्राणांस मुकलीं. अमेरिकन विमानांतील ६१ जण वांचले. दोन विमानांची एवढी मोठी प्राणघातक टक्कर आकाशांतही कधीं झालेली नाहीं. ही तर जमिनीवर झाली.

ह्यानंतर भाषेवरच बंधन घालण्यांत आलें. 'उड्डाण' ह्या अर्थाचा 'टेक-ऑफ' हा शब्द आतां परवानगी देतांना किंवा ती काढून घेतांनाच वापरावयाचा. एरव्हीं 'प्रस्थान' अशा अर्थाचा निराळा शब्द योजावयाचा. केवळ 'बरें' म्हणून आज्ञेचें उत्तर द्यावयाचें नाहीं. तसेंच कनिष्ठ सहकाऱ्यानें शंका निःसंकोचपणें बोलावी व वरिष्ठानें ती ऐकावी, ह्याचें रीतसर शिक्षण वैमानिकांस मिळूं लागलें.

तरी संकट सर्वस्वी टळलें असें नाहीं. ता. ८ ऑक्टोबर २००१ रोजीं इटलींतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर धुक्यामध्यें एक लहान विमान चुकीच्या टॅक्सी-वेवर वळलें व उड्डाण करणाऱ्या प्रवासी विमानाच्या वाटेंत आलें. त्यांत ११८ माणसें मेलीं. जमिनीवरील रडार त्या वेळीं चालूं नव्हतें व मार्गदर्शक खुणाही सदोष होत्या. ता. २ जानेवारी २०२४ रोजीं टोकिओच्या हानेदा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठीं मदत नेणारें तटरक्षक दलाचें विमान धावपट्टीवर जाऊन थांबलें, कारण आपणांस आंत जाण्याची परवानगी आहे असा त्याच्या कप्तानाचा समज झाला होता. वस्तुतः आज्ञा होती ती धावपट्टीच्या कडेपर्यंत येण्याची. उतरणारें मोठें विमान त्यावर आदळून पेटलें. तटरक्षक विमानांतील सहांपैकीं पांच जण दगावले. परंतु प्रवासी विमानांतील ३७९ माणसें, एकही न गमावतां, बाहेर निघालीं. कारण सेवकवर्गानें शिस्त राखली व प्रवाशांनींही त्यांचें ऐकलें.

विद्यार्थीमित्रहो, आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हेंच. विमानांस रूळ नाहींत. त्यांचे रूळ म्हणजे नीट बोललेले व नीट ऐकलेले शब्द. वर्गांत शिक्षकांनीं 'समजलें ना?' असें विचारतांच कित्येक मुलें न समजतांही 'हो' म्हणून मोकळीं होतात. लाज वाटते, किंवा शेजारचा हंसेल असें वाटतें. गणित चुकलें तर ते पुनः करतां येतें. परंतु हींच मुलें उद्यां कोणी आगगाडी चालवितील, कोणी रोग्यास औषध देतील, कोणी विमानही चालवितील. तेथें न समजतां म्हटलेला एक 'हो' शेंकडों घरें उजाड करूं शकतो. तेव्हां 'मला समजलें नाहीं, पुनः सांगा' हें वाक्य उच्चारण्याचें धैर्य ह्याच वयांत अंगीं बाणवावें. आणि पालकहो, मुलानें शंका काढली तर तो उद्धटपणा समजूं नये. आम्हीं शिक्षकांनींही तसें समजूं नये, हें आम्ही येथें प्रांजळपणें कबूल करतों.